पुलाची अक्कल नाटकात

१४ सप्टेंबर

प्रिय ढगआत्या,

तू तिकडे डोंगरावरच्या वेधशाळेत ढग मोजत बसली आहेस आणि इकडे माझ्यावर आभाळ कोसळलंय, त्याची नोंद कोण घेणार?

हायस्कूल सुरू झालं, यंदा बरंच उशिरा. टिकली नदीपलीकडच्या शाळेत गेली आणि मी बाबांच्या शाळेत. बाबांची म्हणजे बाबांना आवडलेली. त्यांच्या चष्म्याच्या दुकानात कुणीतरी गिऱ्हाईक त्यांना म्हणालं, "तिथे घोकंपट्टी नाही हो, वर्षभर प्रकल्प असतात," आणि झालं, बाबांनी माझं नाव घालून टाकलं. बालवाडीपासून एका बाकावर बसलेल्या दोन मुलींची ताटातूट होतेय, याचं त्या गिऱ्हाइकाला काय? मी रडले, भांडले, जेवणावर बहिष्कार टाकला (संध्याकाळपर्यंत). शेवटी बाबांनी तह केला. "एक वर्ष काढ. वर्षअखेरीला तुला वाटलं, तर मी स्वतः तुला टिकलीच्या शाळेत घालीन. शब्द." तेव्हा मी आता वर्ष काढायचं काम करतेय.

पहिला प्रकल्प आलासुद्धा. आइस्क्रीमच्या काड्यांचा पूल. त्यावर पुस्तकं ठेवणार, ज्याचा पूल जास्त पुस्तकं पेलेल तो शहाणा. आमच्या प्रकल्पबाई जोड्या लावतात आणि माझी जोडी लावली आहे गप्पूशी. तिचं खरं नाव कुणी घेत नाही, कारण हाक मारली तरी ती ओ देत नाही, नुसती बघते. मी बोलते, ती डिंक लावते. मी अजून बोलते, ती अजून डिंक लावते. तूच सांग, अशा मुलीबरोबर वर्ष कसं काढायचं?

पूल पक्का कसा करायचा ते लगेच कळव. पुढच्या शुक्रवारी द्यायचा आहे.

तुझी दुःखी,
भिंगरी


९ ऑक्टोबर

भिंगरे,

तुझं पत्र आज बटाट्यांच्या पोत्याबरोबर वर आलं. तुझा शुक्रवार केव्हाच उलटून गेला असणार, हे मला कळतंय. पण तुला कळतंय का, की पायथ्यापासून इथवर पत्र यायला तीन आठवडे लागतात? वायरलेस आहे, पण त्यावरून फक्त तापमान, वारा आणि पाऊस एवढंच बोलायची परवानगी आहे. भाचीच्या पुलासाठी त्यात रकाना नाही.

तरी उत्तर देते, कारण इथे तुझ्या पुलावरून दोन दिवस रणकंदन झालं. वायरलेसकाका म्हणाले चौकोन करा, मी म्हटलं त्रिकोण करा. मग दोघांनी काड्यापेटीतल्या काड्यांचे पूल बांधले आणि वर बटाटे ठेवले. माझा टिकला. त्यांचा कोसळून बटाटा त्यांच्या चहात पडला. तेव्हापासून ते तुझ्यावर रागावलेत.

पण खरं सांगू का, त्रिकोणापेक्षा मोठी गोष्ट दुसरीच आहे. काहीही करायचं असो, लोकांसमोर न्यायच्या आधी आपणच ते घरी मोडून बघायचं. जितक्या वाईट तऱ्हेने मोडता येईल तितकं. मग कुठे मोडतं ते कळतं आणि तेवढीच जागा पक्की करता येते. मी नव्या यंत्राला आधी बादलीभर पाणी ओतून बघते. साहेब ओरडतात, पण यंत्र वादळात टिकतं.

आणि त्या गप्प मुलीबद्दल. जी डिंक लावते तिच्याशी नीट वाग. बोलणारी आपल्या घराण्यात पुष्कळ आहेत.

तुझी,
ढगआत्या


२ नोव्हेंबर

प्रिय ढगआत्या,

पूल तिसऱ्या पुस्तकाला मोडला. शब्दकोशाला. इतरांचे सहा-सात पुस्तकं झेलून बसले होते. अख्खा वर्ग हसला, आणि मलाही मेलं हसू फुटलं. आतून लाज वाटतेय आणि वरून खदाखदा हसतेय. घरी येऊन मात्र उशीत तोंड खुपसलं.

तुझं पत्र आलं तेव्हा पुलाचा विषय संपून आम्हाला नाटक मिळालं होतं. विषय आहे पचनसंस्था! मी जठर आहे. गप्पू लहान आतडं. मी मनात म्हटलं, आत्याने पुलाचा सल्ला पाठवलाय, आता त्याचं काय लोणचं घालायचं? पण टाकून द्यायचा जीव होईना. मग म्हटलं, नाटकच आधी मोडून बघू. जितक्या वाईट तऱ्हेने मोडता येईल तितकं.

गप्पूच्या बाबांचं सलून आहे, चढावरच्या रस्त्याला. तिथली गिऱ्हाइकं म्हणजे जगातले सर्वांत वाईट प्रेक्षक. त्यांना नाटक नको असतं, दाढी हवी असते. पण तोंडाला फेस लावलेला माणूस पळून जाऊ शकत नाही. म्हणून रविवारी आम्ही दोन खुर्च्यांच्या मधे उभ्या राहून अख्खी पचनसंस्था करून दाखवली. एक आजोबा म्हणाले, "जठर ऐकू येतंय, जरा जास्तच येतंय. आतडं मुळीच ऐकू येत नाही." दुसरे एक गृहस्थ इतके हसले की गप्पूच्या बाबांना वस्तरा वर धरून उभं राहावं लागलं. शेवटी त्यांनी आम्हाला हात जोडले. "पोरींनो, कुणाचा तरी कान जाईल."

तर नाटक कुठे मोडतं ते कळलं. गप्पूच्या वाक्यांपाशी. तिला सगळं पाठ आहे, माझी वाक्यंसुद्धा, पण ती कुजबुजते. तिला ऐकू येईल असं बोलायला कसं लावायचं? लौकर कळव. (तुझं उत्तर उशिराच येणार. तरी कळव.)

टिकलीने त्यांच्या शाळेतल्या सहलीचा फोटो पाठवलाय. त्यात ती कुणाच्या तरी गळ्यात हात टाकून उभी आहे. मी तो फोटो उलटा ठेवलाय.

तुझी,
भिंगरी (ऊर्फ जठर)


२० नोव्हेंबर

आत्या,

नाटक झालं. माझं झालं नाही.

मला वाटलं होतं गप्पू अडेल. अडले मी. पडदा सरकला, समोर सगळे पालक, पहिल्या रांगेत आई आणि बाबा, आणि माझ्या डोक्यातलं सगळं पुसलं गेलं. एक अक्षर आठवेना. मी जठराचा तो मोठा गुलाबी झगा घालून नुसती उभी होते. मग कुणीतरी हसलं आणि मी पळाले. जिन्याखालच्या झाडूंच्या खोलीत जाऊन बसले. आई शोधत आली तोवर तिथेच होते.

उद्या सगळे मला जठर म्हणतील. मला इथे नाही राहायचं. वर्षअखेरीपर्यंत थांबणं माझ्याने होणार नाही. बाबा तुझं ऐकतील. तू त्यांना सांग ना.

भिंगरी


२८ नोव्हेंबर

भिंगरे,

घाईत लिहितेय. बर्फ यायला लागलाय आणि गाडी अर्ध्या तासात खाली जाणार. यानंतर मार्चपर्यंत रस्ता बंद, म्हणजे तोवर ना तुझं पत्र वर, ना माझं खाली. सलूनच्या नाटकाचं तुझं पत्र मी वायरलेसकाकांना वाचून दाखवलं. त्यांनी पुलाबद्दल तुला माफ केलं आहे.

गप्पूला मोठ्याने बोल असं सांगू नकोस. तिला सांग, शेवटच्या रांगेत सर्वांत शेवटी येऊन बसलेला एक माणूस शोध. दमलेला, उशीर झालेला, ज्याच्याकडे कुणाचं लक्ष नाही असा. आणि फक्त त्याच्यासाठी बोल. पहिल्या रांगेची काळजी सगळेच करतात. शेवटच्या माणसापर्यंत पोहोचलं की मधल्या सगळ्यांना आपोआप पोहोचतं.

तुझं नाटक एव्हाना होऊन गेलं असेल. छानच झालं असणार. तू आणि गप्प बसणार, हे कसं शक्य आहे?

गाडीवाला भोंगा वाजवतोय. खूप आठवण येते तुझी.

ढगआत्या


११ फेब्रुवारी

माझ्या लाडक्या ढगआत्या,

आधी एक काम कर. नोव्हेंबरातलं माझं रडकं पत्र फाडून टाक. रागाच्या भरात लिहिलं होतं आणि त्यातलं निम्मं मला तेव्हा माहीतच नव्हतं.

ऐक. मी पळाल्यावर नाटक थांबलं नव्हतं! गप्पूने माझीही वाक्यं म्हटली. लहान आतड्याच्या जागेवर उभी राहून आधी ती जठर म्हणून बोलायची, मग एक पाऊल सरकून आतडं म्हणून स्वतःलाच उत्तर द्यायची. लोकांनी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवशी मी तोंड लपवत वर्गात गेले, तर ती माझा गुलाबी झगा घडी करून घेऊन उभी. म्हणाली, "तुझी वाक्यं फार लांब आहेत." मला तिने म्हटलेलं हे पहिलं पूर्ण वाक्य. मी तिला मिठीच मारली. ती लाकडासारखी उभी राहिली, पण पळाली नाही.

मग तुझं बर्फातलं पत्र आलं. नाटक कधीच संपलेलं, नवा प्रकल्प सुरू झालेला. 'आपल्या भागाचा नकाशा'. बाकीच्यांनी दुकानांचे नकाशे केले, झाडांचे केले. आम्ही दोघी तुझा सल्ला घेऊन बसलो. सर्वांत शेवटी येणारा माणूस. मग चढावर जाऊन उभ्या राहिलो आणि बघितलं, सर्वांत शेवटी वर कोण पोहोचतं.

बसथांब्यापासून दवाखान्यापर्यंत तो चढ आहे ना, त्यावर म्हातारी माणसं खांबाला धरून उभी राहतात. एक आजी पिशव्या घेऊन दर थोड्या अंतरावर थांबत होत्या. मी विचारलं, "दमलात का?" तर म्हणाल्या, "दमायचं काही नाही गं, बसायला मिळालं तर मी रोज येईन. मिळत नाही म्हणून नुसती औषधापुरती येते."

आत्या, अख्ख्या चढावर टेकायला एक जागा नाही! आमच्या लक्षातच आलं नव्हतं, आम्ही रोज पळत चढतो. मग आम्ही दुकानादुकानांत जाऊन स्टूल मागितले. दुकानाबाहेर ठेवायचे, ज्याला हवं त्याने बसायचं. बेकरीवाल्या मावशींनी लगेच बाक काढला. गप्पूच्या बाबांनी जुनी फिरती खुर्ची दिली, तिच्यावर आता म्हातारी कमी आणि पोरंच जास्त बसतात. घड्याळवाले काका मात्र ऐकेनात. मी त्यांच्यापुढे एवढं मोठं भाषण केलं की माझाच घसा बसला. ते म्हणाले, "माझ्या दारात गर्दी नको."

तेव्हा गप्पू बोलली. "काका, उभा माणूस रस्त्याकडे बघतो. बसलेला तुमच्या घड्याळांकडे बघेल."

काकांनी आतून स्वतःची गादीची खुर्ची आणून ठेवली!

आम्ही त्या सगळ्या जागांचा नकाशा काढला. 'टेकायच्या जागा' असं नाव दिलं. आता तो दवाखान्याच्या भिंतीवर लावलाय आणि लोक त्याच्यावर बोट ठेवून बोलतात. म्हणजे आपण कुठे टेकायचं ते ठरवतात. मला बघून इतकं भरून आलं की मी उगीचच खोकले.

टिकली परवा आली होती. तिला प्रत्येक स्टुलावर बसवून आणलं. तिने मला त्या फोटोतल्या मुलीबद्दल सांगितलं, मी तिला गप्पूबद्दल. थोडं दुखलं. पण आम्ही दोघींनी घड्याळवाल्या काकांच्या गादीवर दाटीवाटीने बसून बिस्किटं खाल्ली आणि मग तेवढं दुखलं नाही.

हे पत्र बर्फ वितळल्यावरच तुला मिळेल. वायरलेसकाकांना सांग, त्यांचा चौकोन मला अजूनही पटत नाही.

तुझी,
भिंगरी


१२ मार्च

धाकट्या,

रस्ता उघडला. पहिली गाडी आली, पण तिच्यात निम्मीच टपाल-पोती होती. त्यात भिंगरीचं नोव्हेंबरातलं पत्र निघालं. पोर झाडूंच्या खोलीत जाऊन बसली होती आणि मी तिला इथून बटाट्यांचे विनोद पाठवत होते. त्यानंतर चार महिने उलटले. एकटीने कसे काढले असतील तिने?

तू तिला वर्षअखेरीचा शब्द दिलास, ठीक आहे. पण आता तिच्या तोंडून वदवून घ्यायची वाट बघू नकोस. मला माहीत आहे, तुला ती शाळा आवडते. आवडू दे. शिकायचं तिला आहे. ऊठ आणि नदीपलीकडच्या शाळेत जा, हातापाया पड, पण पुढच्या वर्षासाठी तिचा प्रवेश पक्का कर. आणि तो होईपर्यंत तिला काही बोलू नकोस. आशा लावून मग जागा नाही मिळाली, तर पोरीचा जीव तुटेल.

लहानपणापासून तू माझं कधी ऐकलं नाहीस. आज ऐक.

तुझी ताई


२५ मार्च

अगं भिंगरे!!

दुसरी गाडी आज आली आणि तिच्यात तुझं फेब्रुवारीचं पत्र. मी ते उभ्यानेच वाचलं, मग बसून वाचलं, मग वायरलेसकाकांना वाचून दाखवलं. घड्याळवाल्याच्या गादीपाशी आल्यावर त्यांनी चष्मा काढून पुसला. मग मी डोक्याला हात लावला.

अगं, मी तुझ्या बापाला पत्र पाठवून बसलेय! तुझं नाव त्या शाळेतून काढून टिकलीच्या शाळेत घाल, असं. आणि तुला सांगू नकोस असंही. पाच-सहा दिवसांत ते त्याच्या हातात पडेल. आयुष्यात पहिल्यांदाच तो माझं ऐकणार, असं माझं मन मला सांगतंय.

मी वायरलेसकाकांना म्हटलं, खाली निरोप द्या. ते म्हणाले, नियम. मी म्हटलं, एका मुलीच्या आयुष्याचा प्रश्न आहे. शेवटी त्यांनी दुपारच्या आकड्यांना जोडून 'धाकट्याने थांबावे' असं पाठवलं. खालून उलट प्रश्न आला, 'हे वादळाचं नाव आहे काय?' आणि वर साहेबांनी लेखी खुलासा मागितलाय.

हे पत्र पोहोचेपर्यंत काय व्हायचं ते होऊन गेलेलं असेल. तरी लिहिते. तुला तिथे राहायचं असेल तर ठामपणे सांग. आत्या मूर्ख आहे म्हणून सांग. मी त्याखाली सही करते.

तुझी मूर्ख,
ढगआत्या


१० एप्रिल

प्रिय ढगआत्या,

तुझं पत्र अजून आलेलं नाही. पण काल जे झालं ते आजच लिहिलं नाही तर मी फुटेन.

काल वर्षाचा शेवटचा कार्यक्रम होता. त्यात प्रत्येकाने उभं राहून सांगायचं असतं, की या वर्षातला कोणता प्रकल्प आपल्याला सगळ्यांत मोलाचा वाटला आणि का. त्याच सभागृहात, त्याच रंगमंचावर, जिथून मी पळाले होते. सकाळपासून माझ्या तोंडचं पाणी पळालेलं. आई दवाखान्यातल्या कामावरून रजा काढून आली होती. बाबांचा पत्ता नव्हता. दुकानातून परस्पर येतो म्हणाले होते, आणि खुर्ची रिकामी.

गप्पूचा नंबर माझ्या आधी होता. ती उभी राहिली, बराच वेळ मागे बघत राहिली. मला कळलं, ती शेवटच्या रांगेतला माणूस शोधतेय. मग म्हणाली, "मला पूल आवडला. तो मोडला तेव्हा माझी जोडीदार हसली. आधीच्या शाळेत माझ्या हातून काही मोडलं की माझ्याशी कुणी बोलायचं नाही. ही हसली, आणि मग घरी जाताना पण बोलतच होती." आणि बसली.

मी ते हसू लाजेचं समजत होते, आत्या. त्या हसण्यावर तिने अख्खं वर्ष काढलं.

मग मी गेले. नकाशाबद्दल बोलायचं असं पाठ करून ठेवलं होतं. पण गप्पूचं ऐकल्यावर ते सगळं विसरले, आणि या वेळी मुळीच भीती वाटली नाही. मी सरळ सांगितलं, की मला एक प्रकल्प निवडता येत नाही. माझी आत्या डोंगरावर राहते आणि तिचा सल्ला नेहमी एक प्रकल्प उशिरा येतो. त्यामुळे पुलाची अक्कल मी नाटकात वापरली आणि नाटकाची नकाशात. एकेकटं बघितलं तर एक मोडला, एकातून मी पळाले आणि एकच नीट झाला. पण मोडलेल्याशिवाय नीट झालेला झालाच नसता. "आता नकाशाची अक्कल कशात वापरायची," मी म्हटलं, "ते पुढच्या वर्षी कळेल." लोक हसले, आणि मला ते हसणं आवडलं. प्रकल्पबाई डोळे पुसत होत्या, पण त्या चित्रकलेच्या प्रदर्शनातही पुसतात.

कार्यक्रम संपल्यावर आम्ही दोघी पायऱ्यांवर पुढच्या वर्षीचे प्रकल्प बघत बसलो. बाईंनी यादी लावलीये. पहिलाच आहे, पावसाचं पाणी साठवणं. मी गप्पूला सांगत होते, की माझी आत्या यात तरबेज आहे, फक्त आपल्याला तिला आत्ताच विचारून ठेवावं लागेल.

तेवढ्यात बाबा आले. पळत. केस उडालेले, शर्ट बाहेर आलेला, हातात एक कागद उंच धरलेला. मी त्यांना कधी पळताना बघितलं नव्हतं. माझ्यासमोर येऊन धापा टाकत म्हणाले, "मिळाला! प्रवेश मिळाला!"

मी म्हटलं, "कुणाला?"

आत्या, खोटं नाही सांगत, मला खरोखर काहीच आठवलं नाही. तह, शब्द, टिकलीची शाळा, काही नाही. मला वाटलं दुकानातल्या कुणाच्या तरी मुलाला मिळाला.

"तुला," बाबा म्हणाले. "टिकलीच्या शाळेत. तुझ्या आत्याचं पत्र आलं होतं. आठवडाभर रोज जातोय. आज शेवटी हेडबाईंपुढे रडवेला झालो, तेव्हा कुठे सही केली त्यांनी."

मी गप्पूकडे बघितलं. तिने यादी घट्ट धरली होती आणि तिचं तोंड पुन्हा पहिल्या दिवसासारखं बंद झालं होतं.

"बाबा," मी म्हटलं, "मी कुठेही जात नाहीये."

"काय?"

"मी विसरलेच होते हो."

बाबा मटकन पायरीवर बसले. मला वाटलं आता ओरडतील. त्यांचे खांदे हलायला लागले, आणि मग ते इतके हसले, इतके हसले, की माळीकाका झारी ठेवून बघायला आले. आई धावत आली, तिला सांगितलं, तर तीही त्यांच्या शेजारी बसून हसायला लागली. गप्पू आधी हसली नाही. मग तिच्या नाकातून एक आवाज आला आणि ती सगळ्यांत जास्त हसली.

"आणि आता मी त्या हेडबाईंना काय सांगू?" बाबांनी डोळे पुसत विचारलं. "मुलगी दुःखात आहे म्हणून मी त्यांच्या टेबलावर रडून आलोय!"

"उद्या मी येते तुमच्याबरोबर," मी म्हटलं. "मी नीट समजावते त्यांना. म्हणावं, तुमची शाळा चांगलीच असेल, पण मला माझ्या शाळेत काम आहे."

तुझी,
भिंगरी